भोंग्याची शेव बंद होणार नाही

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एका गल्लीत भोंग्या नावाचा कुत्रा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला तो पुढे चढेचना. घटना वरकरणी किरकोळ होती. सरकार पडावं किंवा रुपया घसरावा, अशी तर मुळीच नव्हती. तरीही तिच्यातून मोर्चा निघाला, सरकारी आदेश निघाला आणि जिलब्याही निघाल्या.

भोंग्या मूळचा मिलचा. तो गेटवर जन्मला आणि मिलचा भोंगा वाजला की त्याच्या सुरात सूर लावू लागला, म्हणून हे नाव. मिलला कुलूप लागलं तेव्हा मालकांनी यंत्रं विकली, पंखे विकले, खुर्च्यासुद्धा विकल्या. कुत्र्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. टाइम ऑफिसातला अच्युत त्याला घरी घेऊन आला. "मी एकटा कसा येऊ?" एवढंच तो बायकोला, प्रमोदिनीला म्हणाला.

दिल्लीत उदारीकरण जाहीर झालं होतं. त्याचा लाभ खालपर्यंत झिरपायला वेळ लागेल, असं वर्तमानपत्रं सांगत होती. पण भोंग्यापर्यंत तो ताबडतोब पोचला. मिल चालू असताना गल्लीतले पुरुष दिवसभर गल्लीत नसत. आता दिवसभर असत. घरात ज्याचं कोणी ऐकेना तो ओट्यावर येऊन बसे, आणि भोंग्या मान वाकडी करून ऐके. ऐकणाऱ्याला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? चिमूटभर शेव, जिलबीचा तुकडा, कचोरीचं कवच. बायकोला साडी, पोराला सायकल देणं हातचं गेलं होतं; कुत्र्याला शेव देणं अजून हातात होतं.

प्रमोदिनीचाही हात अगदीच स्वच्छ नव्हता. तिची श्रिया नुकती उभी राहायला शिकत होती, ती भोंग्याच्या पाठीचे केस मुठीत धरून. तिचं 'आई' अजून अर्धंमुर्धं होतं, पण 'भो' कसं खणखणीत! जेवायला बसली की एक घास तिचा आणि एक 'भो'चा, तरच तोंड उघडायची. आता तोच भोंग्या पायरीवर धापा टाकत होता आणि श्रिया खालून त्याचं शेपूट ओढत होती.

"अहो, ह्याला दवाखान्यात न्या," प्रमोदिनी अच्युतला म्हणाली.

गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉ. यशोधरा नावाच्या बाई होत्या. महूच्या, आजोबा फौजेतले, त्यामुळे बोलणंही कवायतीसारखं. त्यांनी भोंग्याचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काय खातो हा?"

"काही नाही, मॅडम. घरचंच," अच्युत म्हणाला.

"घरचं म्हणजे?"

"पोहे."

"आणि?"

"पोह्यावर शेव तर लागतेच ना."

"कुत्र्याला?"

"मग काय, त्याला सुके पोहे द्यायचे?" अच्युतचा आवाज दुखावलेला होता.

बाईंनी नळी गळ्यात अडकवली. "शेव, जिलबी, कचोरी, तळलेलं सगळं आजपासून बंद. हृदयावर भार आलाय त्याच्या. आता ऐकलंत तर वाचेल. नाही ऐकलंत तर श्वास पुरणार नाही."

"बरं. औषध?"

"हेच औषध. वजन उतरेपर्यंत पुढचं काही देण्यात अर्थ नाही."

अच्युतने रीतीप्रमाणे सोबत आणलेला कचोऱ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. बाईंनी तो परत सरकवला. "मी तळलेलं खात नाही."

तिथेच निकाल लागला. परतताना टेम्पोत अच्युत म्हणाला, "सुई लावली नाही, गोळी दिली नाही, कचोरी खाल्ली नाही. कशावरून डॉक्टर?"

"छाती ऐकली की त्यांनी. किती वेळ ऐकत होत्या," प्रमोदिनी म्हणाली.

"ऐकतात सगळेच गं. लेबर कमिशनरपण ऐकतच होता."

संध्याकाळी ओट्यावर बैठक भरली. अध्यक्षस्थानी प्रमोदिनीचे सासरे तात्याराव. होळकर दरबारच्या महसूल खात्यात त्यांनी उमेदवारी केली होती. दरबार जाऊन जमाना झाला तरी तात्यारावांच्या जिभेवर त्याचा अंमल कायम होता. "प्रस्तुत प्रकरणी," ते म्हणाले, "कुत्र्यास अतिरिक्त खाद्य कोणाकडून दिले जाते, याची प्रथम चौकशी व्हावी."

चौकशी झाली. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं की आपण फक्त चिमूटभर देतो. तेव्हा अतिरिक्त खाद्य कोणीही देत नाही, असं एकमताने सिद्ध झालं.

"पण सगळ्यांच्या चिमटी एकत्र केल्या तर..." प्रमोदिनी दाराआडून म्हणाली.

"सूनबाई, चहाचं बघा," तात्याराव म्हणाले.

मग मालोजी उठला. मालोजी मिलच्या युनियनचा नेता. कुलूप लागल्यापासून त्याचा आवाज बसला होता, तो त्या संध्याकाळी मोकळा झाला. "भिया, समजून घ्या! आधी आपली मिल बंद केली, आपण गप बसलो. भत्ता बंद केला, गप बसलो. आता शेवेवर आले! आज कुत्र्याची बंद होऊन राहिली, उद्या तुमच्या पोह्यावरची होईल!"

पोह्यावरची! ओट्यावर बसलेले उठून उभे राहिले. मिलचं कुलूप लोकांनी दैव म्हणून सोसलं होतं. हे दैव नव्हतं, हा अन्याय होता.

"पहले मिल बंद, अब सेव बंद! नहीं चलेगा!"

मिल वाचवण्याच्या मोर्चात जे कधी दिसले नाहीत, तेही ह्या मोर्चात पुढे होते. कारण उघड आहे. मिलचा मालक मुंबईला राहत होता, त्याच्या मागे सरकार होतं. डॉक्टरीण तीन गल्ल्या सोडून होती आणि तिच्यामागे कोणी नव्हतं. निवेदन तात्यारावांनी लिहिलं: रुग्णास औषध न देणे, कर्तव्यात कसूर, स्थानिक आहाराचा अवमान; सबब डॉक्टरणीची बदली व्हावी. घरातल्या सर्वांच्या सह्या हव्या होत्या.

"घराच्या अब्रूचा प्रश्न आहे, सूनबाई."

प्रमोदिनीने श्रियाला कडेवरून खाली ठेवलं, सही केली आणि मुलीला पुन्हा उचलून घेतलं.

दरम्यान विश्वासाच्या डॉक्टरचा शोध चालूच होता. डॉ. मानस यांचा दवाखाना नवा होता. काचेचं दार, आत थंड हवा, भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे फोटो. डॉक्टरसाहेबांनी कचोरी घेतली, दुसरी मागून घेतली आणि चटणी कुठली म्हणून विचारलं. अच्युतचा अर्धा विश्वास तिथेच बसला.

"तुम्ही काय करता, अच्युतजी?"

"मिलमध्ये होतो. हा पण तिथलाच."

डॉक्टर मागे टेकले. भोंग्याला हात न लावताच त्यांचं निदान झालं होतं. "तरीच! भिया, ह्याला सदमा बसलाय. डिप्रेशन. इतकी वर्षं ड्यूटी केली, एका दिवसात सगळं गेलं. कोणी विचारलं तरी का त्याला, बाबा, तुला कसं वाटतंय?"

अच्युतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुलूप लागल्यापासून हे वाक्य पहिल्यांदाच कोणी उच्चारलं होतं. कुत्र्याबद्दल का होईना, पण उच्चारलं होतं. प्रमोदिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठांवर आलेला प्रश्न क्षणभर गिळला. मग विचारलाच.

"पण डॉक्टर, तो जिना चढत नाही."

"तर नका चढवू, भाभीजी. खाली झोपवा."

"आणि खायला?"

"त्याचं मन मोडू नका. आवडेल ते खाऊ द्या. हे इम्पोर्टेड टॉनिक आहे, कडू लागतं. जिलबीतून द्या."

उपचार तंतोतंत लागू पडले. भोंग्या जिन्यात बसेनासा झाला, कारण तो जिन्याकडे फिरकेनासा झाला. चालताना धाप लागते म्हटल्यावर डॉक्टरसाहेबांनी चालणं बंद केलं, धाप थांबली. पुढे तो भुंकेनासा झाला. "शांत झाला ना? टॉनिकचा असर," डॉक्टर म्हणाले. गल्ली धन्य झाली. असा डॉक्टर आपल्या तात्यांच्या गुडघ्यांना मिळायला हवा होता, असंही कोणी म्हणालं.

आणि एके दिवशी आदेश आला. डॉ. यशोधरा यांची बदली गौतमपुऱ्याला.

मालोजीला लोकांनी खांद्यावर घेतलं. सबंध कारकिर्दीत युनियनची मान्य झालेली ही पहिली मागणी. ओट्यावर जिलब्यांची परात आली. सत्कारमूर्ती भोंग्या, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि ज्याने त्याने आपल्या हाताने एकेक जिलबी भरवली. त्याने कोणाचंही मन मोडलं नाही. शेवटची जिलबी मात्र तोंडातच राहिली.

श्रिया त्याच्याजवळ रांगत गेली आणि उभी राहण्यासाठी तिने पाठीचे केस धरले. पाठ कलंडली आणि ती धप्पकन बसली. "भो, ऊथ," ती म्हणाली.

प्रमोदिनीने भोंग्याचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या.

"मानस डॉक्टरला बोलावतो," अच्युत धावत सुटला.

तिने वाट पाहिली नाही. मुलीला कडेवर घेतलं, समोरच्या टेम्पोवाल्याच्या मदतीने कुत्र्याला आत चढवलं आणि टेम्पो सरकारी दवाखान्याकडे न्यायला सांगितला.

दवाखान्याला कुलूप होतं. पायरीवर चपराशी बसला होता.

"मॅडम गेल्या?"

"आज सकाळीच, भाभीजी."

"आणि नवीन डॉक्टर?"

"कोणी यायला तयार नाही. म्हणतात, तिकडचे लोक मोर्चा काढतात." त्याने टेम्पोत डोकावून पाहिलं. गळ्यातल्या हारावरून ओळखलं असावं. "हा तोच ना? तुमच्याच गल्लीने हटवलं मॅडमना."

"मीपण सही केली," प्रमोदिनी म्हणाली आणि टेम्पोवाल्याकडे वळली. "गौतमपुऱ्याला चल."

"कुत्र्यासाठी? लई दूर आहे, भाभीजी. तोवर..."

"चल म्हटलं ना!"

शहर मागे पडेपर्यंत श्रिया भोंग्याच्या पाठीवर हात ठेवून 'भो, भो' करत होती. मग तिने आपणहून हात काढून घेतला आणि आईच्या पदरात तोंड लपवलं.

भोंग्याचं पुढे काय झालं, असं वाचक साहजिकच विचारतील. खरं सांगणारं माणूस तुम्हाआम्हाला किती मानवतं, हे आत्ताच पाहिलं. अशांची बदली होते. म्हणून ज्यावर तुमचा विश्वास बसेल, तेच सांगणं बरं.

भोंग्या मजेत आहे. अगदी ठणठणीत.

बसला ना विश्वास?