‘री’ दीर्घ हवी

वनस्पती उद्यानाचा पाया झाड नसून पाटी होय. पाटी नसलेले झाड कुठेही उगवते. ते पाहायला कोणी तिकीट काढत नाही. शहराच्या मधोमध असलेल्या या ऐतिहासिक उद्यानात जगभरच्या उष्ण मुलखांतून झाडे आणून लावली, ती पाट्यांच्या मागे काहीतरी हिरवे असावे म्हणून.

(पाटी: हिरवळीवर चालू नये.)

मुद्रितशोधक हिरवळीवर चालत नव्हते. ते पाट्या वाचत होते. जन्म छापखान्यात गेल्यामुळे लिहिलेले दिसले की वाचायचे आणि वाचले की चूक काढायची, हा त्यांचा श्वासोच्छ्वास होता. स्वतःच्या लग्नपत्रिकेतल्या वेलांट्याही त्यांनी सासऱ्यांदेखत दुरुस्त केल्या होत्या.

त्या लग्नाची मागणी त्यांनी याच उद्यानात, एका झाडाखाली घातली होती. “ते झाड मी डोळे मिटून ओळखीन,” असे ते दरवर्षी घरी बसून सांगत. यंदा बायकोने त्यांना घराबाहेर काढले.

“चला, ओळखा,” ती फाटकातच म्हणाली. “नाही जमलं, तर ती गोष्ट पुन्हा चारचौघांत सांगायची नाही. दर खेपेला तुमचं झाड बदलतं.”

(आयुष्यात केलेले ते एकमेव धाडस. ती गोष्ट गेली, की पाहुण्यांसमोर उरणार फक्त व्याकरण.)

पद्धत शास्त्रशुद्ध होती. पाटी गाठायची, वाचायची, “हे नव्हे” म्हणायचे, पुढे सरकायचे. मान वर करण्याची तरतूद पद्धतीत नव्हती. दुपारपर्यंत उद्यानातील एक तृतीयांश झाडे नाकारण्यात आली. त्यांपैकी एक दिव्याचा खांब होता.

(पाटी: निरिक्षणाखाली. टेकू नये.)

“अगं, बघ, बघ! ‘री’ ऱ्हस्व!” ते जागीच खिळले. “निर् अधिक ईक्षण. ईक्षण म्हणजे पाहणं. ज्यांना ‘पाहणं’ धड लिहिता येत नाही, ते पाहणार काय, कपाळ?”

टकलावर काहीतरी पडले. त्यांनी ते झटकले आणि खिशातले पेन काढले. बायकोने पर्स खाली ठेवली आणि खोडाला पाठ लावून ती आरामात उभी राहिली.

“अगं, टेकू नये म्हणून लिहिलंय!”

“लिहिलंय हो. पण तेव्हा पाटी नव्हती.”

या वाक्यात त्यांना चूक सापडेना. म्हणून नाइलाजाने त्यांनी मान वर केली. अर्ध्या फांद्या वाळल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या फुलल्या होत्या, आणि बराच वेळ त्यांच्या डोक्यावर पांढरी फुले टाकत होत्या.

“बोला आता,” बायको म्हणाली. “काय करायचं त्या गोष्टीचं?”

“तूच सांगत जा,” ते म्हणाले. “मी वेलांट्या बघतो.” आणि पाटीचा अवमान करून तेही शेजारी टेकले.

झाडाचे नाव कळले नाही म्हणून, वाचकहो, आपण मघापासून वरच्या ओळी पुन्हा चाळत असाल, तर संकोच नको. फुले पडत होती तेव्हाही आपण नावच शोधत होता. आपल्यासाठी पाटी रंगवायला टाकली आहे. ‘री’ कोणती हवी, तेवढे कळवावे.