आठ फुटी बॅनरमागचं ड्रेस्डेन

"हेल्गाबाई, अख्खं ड्रेस्डेन तुमच्यासमोर आणून ठेवतो. शब्द आहे आपला," असं गुरुदत्तने कुंपणावरून सांगितलं, तेव्हा त्याच्या हातात गवत कापायचं यंत्र होतं आणि डोक्यात शंका म्हणून नव्हती.

ही २००६ सालची गोष्ट. गुरुदत्त मूळचा पुण्याचा, राहायला न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत, आणि वेलिंग्टनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला. बायकोला, म्हणजे आशालताला घेऊन तो पंधरा दिवस जर्मनीला निघाला होता. शेजारच्या हेल्गाबाई ड्रेस्डेनच्या. अठराव्या वर्षी त्यांनी ते शहर सोडलं ते सोडलंच. आता पंचाहत्तरी गाठलेली, हृदयाची झडप बदललेली, आणि विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केलेला. त्यांनी गुरुदत्तच्या हातात एक कागद दिला. त्यावर तीनच गोष्टी होत्या: पुन्हा बांधून काढलेलं घुमटाचं चर्च, राजांच्या मिरवणुकीचं चित्र असलेली लांबलचक भिंत, आणि एका गल्लीतलं चौदा नंबरचं घर.

"पहिली दोन राहिली तरी चालतील," त्या म्हणाल्या. "पण घर बघ. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावरून दिसायची. ती अजून आहे का, एवढंच मला बघायचंय."

"स्वीट ॲज," गुरुदत्त म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'झालंच समजा'.

आता गुरुदत्तचा फोटोंच्या बाबतीत एक नियम होता, आणि तो त्याने अपमान गिळून केलेला होता. मागच्या सहलीचा अल्बम त्याने पुण्याला स्नेहलतामावशीला पाठवला होता. मावशीने फोनवर एकच वाक्य ऐकवलं. "डोंगर काय, आमच्या वाण्याच्या कॅलेंडरवरही आहेत, तुम्ही दोघं कुठायत?" तेव्हापासून माणसाशिवाय फोटो नाही, हे घरात ठरून गेलं. त्यात तिथल्या मराठी मित्रमंडळाचा अध्यक्ष लहू निघायच्या आदल्या दिवशी आठ फुटी कापडी बॅनर घेऊन आला. "प्रत्येक ठिकाणी हा उघडायचा. दिवाळी अंकात छापू. मंडळ कुठवर पोचलंय ते लोकांना दिसू दे."

पंधरा दिवसांनी दोघं परतले आणि लहूने लगेच शनिवारी दुपारी हॉल घेतला. कार्यक्रमाचं नाव 'कलानगरी ड्रेस्डेन: एक दर्शन'. बटाटेवडे चाळीस लोकांचे. हेल्गाबाई सकाळीच केस सेट करून आल्या होत्या. गळ्याशी आईची पिन लावलेली, पहिल्या रांगेत मधली खुर्ची. आशालता त्यांच्या शेजारी बसली. गुरुदत्तने कंपनीचा प्रोजेक्टर लावला, घसा साफ केला आणि पहिला फोटो दाखवला.

पडद्यावर गुरुदत्त होता. छातीपासून वर, हसरा, भिंतीएवढा. त्याच्या डाव्या कानामागे काहीतरी गोल होतं.

"हे ते प्रसिद्ध चर्च," तो म्हणाला.

"कुठंय?" मागून सुलभाकाकूंनी विचारलं.

"माझ्या मागे."

दुसऱ्या फोटोत आशालता होती आणि चर्च तिच्या मागे होतं. तिसऱ्यात दोघं होती, चर्च दोघांच्या मागे होतं. मग आली ती मिरवणुकीची भिंत. शंभर मीटर लांब, चिनी मातीच्या हजारो फरशांची. एका फोटोत ती मावेना, म्हणून गुरुदत्तने तिचे एकोणीस भाग पाडले होते आणि प्रत्येक भागासमोर तो स्वतः उभा होता. एकामागून एक एकोणीस गुरुदत्त पडद्यावरून गेले. राजांना घोडे होते आणि घोड्यांना पाय होते, एवढंच प्रेक्षकांना कळलं.

"अरे, जरा सरक ना," लहू पडद्यावरच्या गुरुदत्तला म्हणाला.

मग सगळा हॉल त्याला सरकवायला लागला. लोक खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे झुकून त्याच्या मागे डोकावू लागले. पुढच्या फोटोला उजवीकडे. घाटातल्या एस.टी.त बसल्यासारखी चाळीस माणसं डोलत होती. सुलभाकाकू झुकता झुकता शेजारच्याच्या वड्यात टेकल्या.

"हे सगळे काय म्हणताहेत?" हेल्गाबाईंनी आशालताला विचारलं.

आशालताने खरं ते सांगितलं. त्यावर हेल्गाबाईही काठी उगारून, स्वच्छ मराठीत, "सरक" म्हणाल्या.

शेवटी गुरुदत्त म्हणाला, "आता मुख्य फोटो. दोन ट्राम बदलून गेलो. खास हेल्गाबाईंसाठी." आणि पडद्यावर चौदा नंबरचं घर आलं. म्हणजे घरावरची कौलं आली आणि खाली पायरी आली. मध्ये डावीकडे गुरुदत्त, उजवीकडे आशालता आणि दोघांच्या हातात, ताणून, एक सुरकुती न ठेवता धरलेला बॅनर: 'पोरिरुआ मराठी मित्रमंडळ'.

"तो बॅनर काढ आधी!" लहू ओरडला.

"तूच दिला होतास."

 हेल्गाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बॅनर तिथेच होता. मग त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि निघायची वेळ झाल्यासारखं तिचं बक्कल बंद केलं. ते गुरुदत्तने पाहिलं. पंधरा दिवसांत एकदाही या बाई नेमकं काय बघतील हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"अहो," आशालता म्हणाली, "ते टेस्टचे फोटो?"

गुरुदत्तची नोकरीतली सवय सुटीतही सुटत नसे. प्रत्येक ठिकाणी उभं राहण्याआधी तो उजेड तपासायला एक फोटो काढायचा. ते सगळे 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये, टाकून द्यायचे म्हणून ठेवलेले होते.

"ते काय दाखवायचे? त्यात कुणीच नाहीये."

"तेच म्हणतेय मी."

त्याने फोल्डर उघडलं. चर्च आलं, घुमटासकट. भिंत आली आणि घोड्यांवर राजे निघाले. डोलणारा हॉल सरळ बसला. मग घर आलं. दार, पायरीवर आशालताचा दशम्यांचा स्टीलचा डबा, आणि दाराशेजारी एक छोटी खिडकी. खिडकीत दोन लाल फुलांच्या कुंड्या.

हेल्गाबाई उठून पडद्याजवळ गेल्या. खिडकीवर त्यांच्या सावलीचा हात पडला. "कुणीतरी कुंड्या ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "आईही ठेवायची." आणि रडल्या. सुलभाकाकूही रडल्या. लहूने बॅनरबद्दल माफी मागितली.

गुरुदत्तने तो फोटो मोठा करून, फ्रेम करून हेल्गाबाईंना नेऊन दिला. "डबा कापून टाकू का कोपऱ्यातला?" त्याने विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरून कळतं की तुम्ही खरंच गेला होतात." त्यांनी फ्रेम बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वरच्या भिंतीवर लावली.

या प्रसंगाची मंडळाच्या दिवाळी अंकात नोंद व्हायलाच हवी, असं लहूचं मत पडलं. त्याने खास फोटोग्राफर पाठवला. तो अंक आता घरोघरी आहे. पान सातवर हेल्गाबाईंची बैठकीची खोली दिसते, मध्ये हेल्गाबाई, एका बाजूला गुरुदत्त, दुसऱ्या बाजूला लहू, आणि त्यांनी ताणून धरलेला बॅनर. खाली ओळ आहे: 'मागे भिंतीवर तो ऐतिहासिक फोटो.'