जावईबापूंच्या कानातला कापूस

शपथ घालायला ज्योत्स्नाने जागा निवडली ती चालत्या मोटरसायकलची. मूल गावाहून चिंचटोल्याला, म्हणजे तिच्या माहेरी, जाताना तिने मागून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "करिष्माचं लग्न लागून ते सासरी जायेपर्यंत तुमी सिनेमाचं नाव काढाचं नाई."

"मी कुठी काढतो?" सुरेंद्र म्हणाला.

"माह्या काकाच्या तेरवीले कोन ट्रेलर सांगत बसलं होतं? लोकं पत्रावळीवर बसून, अन् तुमी मधात उभे राहून ड्रॅगनवानी हात हालवत होते. घ्या माही शपथ."

"तुही शपथ," सुरेंद्र म्हणाला, आणि गाडी खड्ड्यात गेली.

सुरेंद्र मूलच्या एका राइस मिलमध्ये तांदळातला काळा दाणा वेगळा काढायच्या मशीनवर होता. माणूस कामाचा, निर्व्यसनी, बायकोच्या आज्ञेतला. फक्त उन्हाळा लागला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. इतर लोक मे महिन्यात भावकीतली लग्नं लक्षात ठेवतात, हा मोठमोठ्या सिनेमांच्या तारखा ठेवायचा. त्यातही राक्षस, जादूगार, उडते घोडे असले तर मग विचारूच नका. यंदा तर कहर होता. ज्या कादंबरीची हिंदी आवृत्ती त्याने नागपूरच्या बसस्टँडवर घेतली होती आणि जी वाचून वाचून तिचं कव्हर निघालं होतं, तिच्यावरचा सिनेमा येत होता, 'पाषाणपुर की ज्वाला'. कोळ्याची एक पोर तळ्यात सापडलेल्या अंड्यातून ड्रॅगन वाढवते, आणि राजपुत्राला गादीवर बसायचं तर तोच ड्रॅगन मारावा लागणार असतो. पुढे काय होतं ते सुरेंद्रला ठाऊक नव्हतं. शेवट पडद्यावरच पाहायचा म्हणून पुस्तकाची शेवटची पानं त्याने मिलमधल्या पोती शिवायच्या सुईने सुतळी घालून शिवून टाकली होती. मिलमधले लोक हसले. त्याने हसू दिलं.

आणि सिनेमा लागत होता नेमका मेव्हणीच्या, करिष्माच्या, लग्नाच्या शुक्रवारी. त्याने सासऱ्यांना सुचवून पाहिलं होतं की मुहूर्त आठवडाभर पुढे ढकलला तर ऊन जरा कमी होईल. मे महिन्यात ऊन कमी होईल हे ऐकून मनसाराम इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी सुरेंद्रने चंद्रपूरच्या थिएटरचं रविवारचं तिकीट काढलं. म्हणजे शुक्रवार आणि शनिवार, साऱ्या जगाला शेवट कळलेला असणार आणि त्याला एकट्याला तो कळू द्यायचा नव्हता. मिलमधला विक्की शुक्रवारच्या पहिल्याच खेळाला जाणार होता, आणि विक्कीच्या पोटात पाणीसुद्धा राहत नसे.

शुक्रवारी सकाळी सुरेंद्रने मोबाइल बंद करून तांदळाच्या कोठीत खुपसला. मग सासूबाईंच्या देवघरातून वातीचा कापूस घेतला आणि दोन्ही कानांत ठासून भरला. मांडवात पोरांचा घोळका होता, आणि हल्ली पोरांच्या घोळक्यात सिनेमा निघतोच. म्हणून तो मांडव सोडून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळी ठेवायच्या झोपडीच्या सावलीत जाऊन बसला. बिचाऱ्याला वाटलं, आता आपण सुरक्षित आहोत.

इथेच चूक झाली. लग्नघरात मोठा जावई मांडव सोडून एकटा जाऊन बसला, तर त्याचा अर्थ एकच होतो. जावई रुसला.

मनसारामच्या घरी तर रुसायला कारणही तयार होतं. सारं घर तलावातल्या मासोळीवर जगणारं. मोठी मासोळी शिजली की तिची मुंडी मोठ्या जावयाच्या ताटात पडायची, ही त्यांच्या घरची रीत. आदल्या रात्री मात्र वाढणाऱ्याने ती भामरागडहून आलेल्या नवरीच्या मामाच्या ताटात टाकली होती. मामाने ती चोखून साफ केली. सुरेंद्रचं लक्षही नव्हतं, तो शुक्रवारच्या विचारात शेपटी खात होता. पण सासूबाईंनी, देवकाबाईंनी, ते पाहिलं होतं आणि रात्रभर त्यांना झोप आली नव्हती.

"मी म्हणत होती," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जावईबापूले मुंडीचा राग आला. जा, समजवा."

मनसाराम पाळीवर गेले. हात जोडून उभे राहिले. "बापू, काय चुकलं जी आमचं?"

सुरेंद्रला सासऱ्यांचे ओठ हललेले दिसले. लग्नघरात सासरा दुसरं काय विचारणार? तो हसून म्हणाला, "हो मामाजी, जेवण एकदम झकास होतं."

मनसाराम पांढरेफटक होऊन परत आले. "टोमणा मारला," त्यांनी बायकोला सांगितलं. "हसून मारला. लय जिवाले लागलं दिसते."

संध्याकाळी वरात निघाली. ज्योत्स्नाने ओढत आणलं म्हणून सुरेंद्र तिच्यात सामील झाला. डीजेच्या आवाजाने कापूस भेदला, पण त्याला गाण्यांची भीती नव्हती. मग गाणं बदलताना क्षणभर शांतता झाली आणि नवरदेवाच्या एका दोस्ताने दुसऱ्याला ओरडून विचारलं, "अबे, ड्रॅगनवाला पाह्यला का? आखरीले ना..."

सुरेंद्रने दोन्ही कानांवर हात दाबले आणि साऱ्या गावादेखत वरातीतून उलट्या दिशेने धूम ठोकली. तो थेट तलावाच्या पाळीवर जाऊन थांबला.

लग्न लागलं, पण त्याची कुणी चर्चा केली नाही. नवरी कशी दिसत होती, नवरदेव किती उंच होता, सारं राहिलं बाजूला. गावभर एकच विषय झाला, मोठा जावई भर वरातीतून पळाला. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याने तर हळूच विचारलं, "या घरी जावयाले असंच वागवते का जी?" तेव्हा करिष्मा बोहल्यावरच रडायला लागली.

शनिवारी दिवस उजाडायच्या आत मनसारामांनी तलावात जाळं टाकायला लावलं. या हंगामात काढायची नाही म्हणून राखून ठेवलेली मोठी रोहू निघाली. दुपारी ती अख्खी मुंडी सुरेंद्रच्या ताटात आली. सगळी पंगत हात थांबवून बघत राहिली. सुरेंद्र गोंधळला. एवढी मोठी मुंडी आपल्याला एकट्याला नको, म्हणून त्याने ती प्रेमाने शेजारच्या मामाच्या ताटात ठेवली.

"पाह्यलं?" मनसाराम बायकोच्या कानाशी म्हणाले. "सर्वायसमोर परत केली."

मग शर्ट-पँटचं कापड आलं. मग गावातले जाणते चार लोक आले, पाळीवर ओळीने बसले आणि आळीपाळीने बोलले. सुरेंद्र प्रत्येकाला मान डोलवत होता. अखेर त्याला कळलं की आपल्यावरून काहीतरी पेटलंय. पण खरं कारण सांगायचं तर सिनेमाचं नाव घ्यावं लागणार, आणि करिष्मा अजून सासरी जायची होती, म्हणजे शपथ चालूच होती.

"माहा कान दुखून राह्यला," तो म्हणाला.

"अगो बाई!" म्हणत देवकाबाई धावल्या. त्यांनी लसूण घालून तेल कोमट केलं, जावयाला मांडीवर आडवं घेतलं, जुना कापूस काढला, दोन्ही कानांत तेल सोडलं आणि नवा कापूस लावून दिला. मधेमधे त्या पदराने डोळे पुसत होत्या. सुरेंद्रला सख्खी आई नव्हती. लग्न झाल्यापासून त्याचं दुखलंखुपलं बघणारी हीच बाई होती, आणि तिला आपण रडवतोय हे त्याला त्या तेलाबरोबर आत, खोलवर जाणवलं. उद्या सिनेमा पाहून आलो की सारं सांगून पाया पडू, असं त्याने ठरवलं.

पण तोवर ज्योत्स्नाला राहवेना. "बाबा, मुंडीचं काई नाई. मी त्याईले सिनेमाचं नाव काढू नका अशी शपथ घातली. म्हनून ते गुमसुम झाले."

"हात तिच्या!" मनसाराम उठलेच. "एवढंच? कोनता सिनेमा?"

"ड्रॅगनचा."

"मंग देवाजीले बोलावतो. तो काल चंद्रपूरले त्योच पाहून आला!"

देवाजीभाऊ म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतला नावाजलेला विनोदी नट. हिवाळाभर गावोगावी रात्र रात्र हसवायचा आणि उन्हाळ्यात, हंगाम संपला की, घरी बाजेवर पडून कुणी बोलावतं का याची वाट पाहायचा. आदल्या दिवशी तो चंद्रपूरला नातेवाइकाच्या पिकअपमधून गेला होता आणि ऊन सोसेना म्हणून थिएटरच्या एसीत जाऊन बसला होता.

करिष्माची पाठवणी संध्याकाळी होती. त्याआधी मांडवात सतरंज्या अंथरल्या गेल्या. नवरदेवाकडचे लोक, गावातले लोक, सगळे बसले. मध्ये खुर्ची, तिच्यावर मोठे जावई. सुरेंद्रला वाटलं, आहेर असेल. तेवढ्यात वरणाचा मोठा डाव तलवारीसारखा धरून देवाजीभाऊ पुढे आला, आणि देवकाबाईंनी स्वतःच्या हाताने जावयाच्या कानातला कापूस काढून घेतला.

"आता आइका बापू," त्या म्हणाल्या. "खास तुमच्यासाठी बोलावलं."

"तर मंडळी!" देवाजीभाऊ गरजला. "पाषाणपुर नावाचं गाव. तिथी एक ढिवराची पोर..."

सुरेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. त्याचे पाय पळायला तयार होते. मांडवाचं दार समोर होतं, मोटरसायकल त्याच्यापलीकडे. तेवढ्यात त्याची नजर सासूबाईंवर गेली. त्या हाताच्या मुठीत कापसाचे बोळे धरून त्याच्याकडेच बघत होत्या, आता तरी हसतो का म्हणून. आत्ता उठलो तर ही बाई या लोकांपुढे पुन्हा मान वर करणार नाही, हे सुरेंद्रला कळलं. इतक्या वर्षांची वाट, शिवलेली पानं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो खाली बसला.

देवाजीभाऊने काय सांगितलं नाही! ड्रॅगन झाला, राजपुत्र झाला, ती पोर झाला, मधेच एक गाणं म्हटलं. डाव आपटून आग ओकली तेव्हा पुढची म्हातारी मागे सरकली. आणि मग शेवट. राजाची फौज तळ्यावर येते. ड्रॅगनने तोंड उघडलं तर फौजही जळणार आणि पोरीचं गावही.

"तवा त्यानं का केलं?" देवाजीभाऊचा आवाज एकदम बारीक झाला. "आपली आग आपनच गिळली. अन् तळ्याच्या काठावर आडवा झाला. तेच त्या तळ्याची पाळ झाली, बापू. म्हनून तिथचं पानी कधी आटत नाई. अन् हिवाळ्यात पहाटे पान्यावर वाफ दिसते ना, तो त्याचा श्वास हाय. पोर रोज सकाळी पाळीवर हात ठेवते अन् पुसते, झोपला का रे?"

मांडवात कुणी हललं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. करिष्मा रडली, पण आता वेगळी. सुरेंद्रच्या गालांवरूनही पाणी ओघळत होतं. थोडं ड्रॅगनसाठी, थोडं आपला शेवट फुटला म्हणून.

"जावईबापू रडले!" मनसाराम आनंदाने ओरडले. रुसवा निघाला. करिष्मा हसत सासरी गेली.

रविवारी तिकीट होतंच म्हणून सुरेंद्र मरगळल्या मनाने चंद्रपूरला गेला. सिनेमा भव्य होता. फौज तळ्यावर आली, ड्रॅगनने तोंड उघडलं, सुरेंद्र खुर्चीच्या टोकावर आला, आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली. उरलेली कथा दोन वर्षांनी, भाग दोनमध्ये. पोस्टरवर कुठेही भाग एक असं म्हटलेलं नव्हतं. थिएटरमध्ये शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या, पण जागचं कुणी उठेना. सुरेंद्र तसाच बसून राहिला. दोन दिवस ज्याच्यासाठी कान झाकले, तो शेवट सिनेमात नव्हताच.

ज्योत्स्नाला न्यायला तो परत चिंचटोल्याला आला तेव्हा ऊन कलत होतं. पाळीवर देवाजीभाऊ त्याचीच वाट पाहत उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"बापू, रागावू नका. मी इंटरवललेच निंघून आलो होतो. पिकअपवाला हारन मारून राह्यला होता. पुढचं सारं मी माह्या मनानं लावलं." त्याने मान खाली घातली. "खरा शेवट काय हाय जी?"

सुरेंद्रने तलावाकडे पाहिलं. उन्हाळ्यातही त्यात बरंच पाणी होतं.

"तुमी सांगतला तोच, भाऊ."

"काय सांगता!"

"अगदी तोच. लोकं जाग्यावरून उठाले तयार नोयते."

हे तर खरंच होतं. देवाजीभाऊची छाती फुगली. तो जवळ सरकला, सुरेंद्रचा हात धरला आणि खुशीत म्हणाला, "मंग ठरलं! येत्या सीझनले ह्याच गोष्टीचं नाटक बसवतो. पन नाटकात लोकायले नवीन पायजे, म्हनून शेवट बदलवला. आइका, काय होते, तो ड्रॅगन पाळीखालून..."

सुरेंद्रने घाईघाईने खिशात हात घातला. सासूबाईंनी सकाळी जपून बांधून दिलेला कापूस अजून तिथेच होता.