धुरपामावशीचा हात

धुरपामावशीसमोर कुणी उभं राहिलं की तिचा हात आधी त्याच्या अंगावर जायचा. "थांब, काडी हाय," म्हणत ती पदरावरचा, टोपीवरचा, मिशीतलासुद्धा कचरा वेचायची. एकदा शेजारणीचा नवा जावई पाया पडायला वाकला. आशीर्वाद राहिला बाजूला, हिनं त्याची शेंडी साफ केली.

सेलूच्या जिनिंगमध्ये आम्ही बारा जणी कापसातला काडीकचरा वेचायचो. मावशी आमची म्होरकी. डोळे मिटून कापसात हात घालायची अन् म्हणायची, "ह्यो वाटंत भिजलाय. गाडीवाल्याला इचारा." गाडीवाला आधी शपथा घ्यायचा, मग कबूल व्हायचा.

निजामाचं राज्य गेल्यावर तीन-चार हंगामांनी शेटजींनी कापूस साफ करायचं यंत्र आणलं. यंत्र राहिलं तर आम्ही घरी बसणार, हे सगळ्यांना मालूम होतं. मावशी यंत्राभोवती एक चक्कर मारून आली. "ह्याला बोटं कुठं हायत गं?"

शेटजींनाही भरवसा नव्हता. म्हणाले, "एक ढीग यंत्राचा, एक तुमचा. धुरपाबाईनं डोळे बांधून सांगावं. यंत्राचा खराब निघाला तर यंत्र वापस."

झालं! बायकांनी मसलत केली. मावशीचा हात यंत्राच्या ढिगात गेला की मी खोकायचं, मग तिनं तो माल खराब म्हणायचा. मी! हजेरीला मुकादमासमोर 'हाजिर' म्हणतानासुद्धा मला घाम फुटायचा.

मावशीनं पहिल्या ढिगात हात घातला. "काडी हाय. ही दुसरी. ही तिसरी."

ढीग आमचा होता.

दुसऱ्या ढिगात हात गेला. मी खोकले. परत खोकले. शेटजी म्हणाले, "अरे, तिला पाणी द्या कुणीतरी."

मावशी कितीतरी वेळ चाचपत होती. मग तिची बोटं थांबली.

"साफ हाय, शेटजी. आमच्याहून साफ."

संध्याकाळी बायका तिला सोडून पुढं गेल्या. "लय सत्यवान हाय बया! आमच्या चुलीत पाणी वतलं," असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या. मावशी दोन्ही हात पदराखाली घेऊन एकटीच मागून येत होती. मी थांबले. ती जवळ आल्यावर विचारलं, "मावशी, मी खोकले ते ऐकू नाही आलं?"

"आलं की."

"मग?"

"खोटं कसं बोलू गं? हातात कापूस व्हता."