जगनदादा गप्प बसतात

ठराव एकमताने मंजूर झाला आणि टेंभगावच्या ग्रामसभेला घाम फुटला.

असं या गावात कधी झालं नव्हतं. पद्धत अशी, की सरपंचाने काहीही मांडलं की माजी सरपंच जगनदादांनी उठायचं, खांद्यावरचा टॉवेल झटकायचा आणि म्हणायचं, "माझा विरोध हाय." विरोध कशाला, ते बोलता बोलता ठरे. मग भांडण, एकमेकांच्या आजोबांचा उद्धार, चहा आणि शेवटी हात वर. जगनदादांची माणसं त्यांच्या बाजूने हात वर करत, वरच्या वाडीची माणसं त्यांच्याविरुद्ध. ठराव समजून घ्यायचे कष्ट कुणालाच पडत नसत. ग्रामसेवक भाऊसाहेब तर मुरबाडहून निघतानाच 'जगनदादांनी विरोध नोंदवला' हे वाक्य इतिवृत्तात लिहून आणत.

यंदा सरपंच होती वरच्या वाडीची हौशी. वाडीतल्या बायका ओढ्यातून पाणी भरून चढण चढत. त्यात हौशीची सून वर्षा पोटुशी. काही करून सुनेचं बाळंतपण व्हायच्या आत वाडीत नळ आला पाहिजे, एवढं एकच हौशीच्या डोक्यात होतं. शाळा वाडीच्या माथ्यावर आहे आणि शाळेमागे मैदान आहे. जगनदादांच्या कारकिर्दीत जुनी खदान बुजवून ते केलं, म्हणून तिथे त्यांच्या नावाची पाटीही आहे. त्या मैदानावर पाण्याची टाकी बांधायची, असा हौशीचा ठराव होता.

तिने तो मांडला आणि पदर खोचून भांडणाच्या तयारीने उभी राहिली. जगनदादा उठलेच नाहीत. तोंडावर टॉवेल धरून बसून राहिले. त्यांची माणसं गोंधळली. दादा विरोध करत नाहीत म्हणजे पाठिंबाच असणार, असं समजून त्यांनी हात वर केले. वाडीचे हात आधीच वर होते.

"एकमताने मंजूर," भाऊसाहेब म्हणाले आणि आयतं वाक्य खोडण्यासाठी पेन शोधू लागले.

घरी जाताना हौशीचा नवरा पोश्या म्हणाला, "मला काय हे बरं दिसत नाय."

"आवो, टाकी मिळाली ना आपल्याला!"

"तीच तर गोम हाय. जगनदादा हो बोलला म्हंजे टाकीत कायतरी असनार."

वाडीवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ताराबाई अंगणात वाटच बघत होत्या. "गो हौशे, टाकी त्याच्या मेव्हण्याला बांधायला देनार काय?"

"त्याला मेव्हणाच नाय, मावशी."

"मंग तर लयच वाईट. ज्याचा मेव्हणा दिसत नाय त्याच्यावर नजर कशी ठेवनार?"

संध्याकाळपर्यंत टाकीचं पाणी जगनदादांच्या वीटभट्टीला जाणार हे नक्की झालं. रात्रीच्या जेवणापर्यंत, नळ आले की वाडी उठवून तिथे बंगले बांधणार, हेही ठरलं. सकाळी वाडीतल्या झाडून सगळ्या माणसांनी हौशीच्या दारात येऊन सांगितलं, "आमाला टाकी नको."

"आवो, पन पानी?"

"जगनदादाचं पानी आमी पिनार नाय."

हौशीच्याही डोक्यात रात्रभर तोच किडा वळवळत होता. ती तडक जगनदादांच्या घरी गेली. दादा ओटीवर पडले होते. एक गाल फुगून डोळ्याला टेकला होता. त्यांची बायको रंजिता मिठाचं पाणी घेऊन उभी होती.

"काल सभेच्या आधी मुरबाडला जाऊन दाढ काढली," रंजिता म्हणाली. "तोंडात कापूस कोंबलाय. सभेत विरोध करायला गेले, तर आवाजच फुटंना."

म्हणजे कट नव्हता, मेव्हणा नव्हता, बंगले नव्हते. होता तो नुसता कापूस. हौशीला इतका आनंद झाला की जगनदादांच्या पायाच पडावंसं वाटलं. पण हे वाडीला सांगून पटणार होतं थोडंच? 'दाढेचं नाटक' म्हणाले असते.

"दादा," ती हात जोडून म्हणाली, "माझ्यावर एक उपकार करा. मी परत सभा लावते. तुमी विरोध करा. तुमच्या विरोधाबिगर माझी मान्सं टाकी घेत नाय."

जगनदादा ताडकन उठून बसले. डोळे मोठे करून, हातवारे करत बरंच काही म्हणाले. त्यातलं एक अक्षरही कळलं नाही, पण मान जोरजोरात हलत होती.

"करनार बोलतात," रंजिताने अर्थ लावला.

पुढच्या सभेला कधी नव्हे ती सगळी वाडी लोटली. हौशीने टाकीचा ठराव मांडला. जगनदादा उठले, टॉवेल झटकला, आणि सुजलेल्या तोंडाने, "मा... वि... हा!" असं गरजले.

वाडीचा जीव भांड्यात पडला. ताराबाईंनी तर टाळी वाजवली. दादा थांबेनात. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं, हाताने काहीतरी उंच उभं केलं, मग ते आडवं पाडलं आणि कपाळावर हात मारला. असा जीव तोडून केलेला विरोध गावाने बघितला नव्हता. वाडीचे सगळे हात वर गेले. टाकी बहुमताने मंजूर झाली. हौशी कृतज्ञतेने दादांकडे बघत राहिली. माणूस शब्दाला जागला म्हणायचा!

टाकीचा पाया खणायला माणसं आली, त्या सकाळी जगनदादांची सूज उतरली होती. बघायला वाडी जमली होती आणि भाऊसाहेबही वही घेऊन हजर होते. दादा धावतच मैदानावर आले. "थांबवा रे! इथं टाकी बांधू नका! उभी रायनार नाय, शालेवर पडंल! माझे नातू हायेत त्या शालेत!"

"दादा, आता पुरे झाला विरोध," हौशी त्यांच्या कानाशी लागून म्हणाली. "ठराव झाला ना."

"आगो, खरा विरोध हाय हा! दोनी सभांना हेच सांगायचं होतं. खाली जमीनच नाय. भाताचं तूस हाय, वरती नुसता मुरूम टाकलाय."

"पाटीवर तर दगडाचा भराव लिवलंय," पोश्या म्हणाला.

"पाटीवर काय पन लिवतात!"

"पन दादा," हौशीने सावकाश विचारलं, "तूस हाय ते तुमाला कसं ठावं?"

जगनदादांची दाढ केव्हाच गेली होती, कापूसही गेला होता, तरी शब्द फुटेना. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती. मजुराने कुदळ मारली आणि ती दांड्यापर्यंत आत गेली. वर आली तेव्हा तिला तूस चिकटलं होतं.

हौशी संतापली होती. पण कुदळीवरून तिची नजर शाळेच्या खिडकीकडे गेली. हा माणूस गप्प राहिला असता तर मजुरांनी तुसावरच पाया घातला असता आणि त्याचं बिंग आज तरी फुटलं नसतं. पण टाकी पडली असती.

"मंग टाकी कुठं बांधायची, तुमीच सांगा," ती म्हणाली.

जगनदादांनी इकडेतिकडे बघितलं. शाळेपलीकडे एकच पक्क्या कातळाचं टेकाड होतं, आणि ते त्यांच्या मालकीचं होतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दादांनी टॉवेलने घाम पुसला.

"देतो एक गुंठा," ते म्हणाले.

वाडीतल्या बायका लगेच एकमेकींच्या कानाला लागल्या. "देतोय? असाच देतोय? टेकाडात काय असंल गो?" ताराबाईंनी विचारलं.

आता पुन्हा सगळं पहिल्यापासून! हौशीने दादांकडे केविलवाण्या नजरेने बघितलं. दादांना कळलं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, झटकला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "पन माझा विरोध हाय! लिवून घ्या भाऊसाहेब!"

भाऊसाहेबांनी वही उघडून दाखवली. ते घरूनच लिहून आणलं होतं.