नानू सशाचा स्वतंत्र चहा

एका जंगलात, बाळांनो, एकच चहा मिळायचा. आलं ठेचून, भरपूर दूध घालून, रटरट उकळलेला. ठकू अस्वलीण तो करंजाच्या झाडाखाली करायची.

तिथे एक रीत होती. एक चहा दोघांनी घ्यायचा. एकाने कपातून, दुसऱ्याने बशीतून. आणि ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याला त्या दिवशी खायचं नाही. रीत कुणी घालून दिली ते ठाऊक नाही, पण वाघसुद्धा ती पाळायचा. त्यामुळे सकाळी करंजाखाली मोठी गंमत दिसे. उंदीर रानमांजराशेजारी बसून बशी फुंकायचा. हरणं बिबट्याला "या, बसा" म्हणत सरकून जागा द्यायची.

नानू ससा रोज रंगराव लांडग्याबरोबर चहा घ्यायचा. रंगरावला कप, नानूला बशी. गप्पा फारशा होत नसत. पण चहा संपला की नानू दिवसभर उघड्या माळावर बिनघोर चरायचा.

मग कोल्हा आला. डॉक्टर लांबशेपटे. तो नदीपलीकडे काहीतरी शिकला होता. काय, ते कुणी विचारलं नाही. विचारायचं काम खरं तर कावळ्याचं. जंगलातलं एकमेव दैनिक तोच चालवायचा. पण पहिल्या पानावर कोल्ह्याच्या चहाची जाहिरात होती आणि तिला लागूनच कोल्ह्याचा लेख. अशा वेळी, बाळांनो, कावळ्याला प्रश्न पडत नाहीत.

लेखात म्हटलं होतं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी, दिनचर्या वेगळी, मग सगळ्यांचा चहा एकच कसा?

नानूला हे पटलं. त्याला रात्री झोप लागत नसे. पान हललं तरी कान उभे राहायचे. कोल्ह्याने त्याची जीभ पाहिली, पापणी ओढून पाहिली आणि दिवसभर काय करता म्हणून विचारलं. पळतो, नानू म्हणाला. कोल्ह्याने गंभीरपणे मान हलवली. दुधाचा चहा बंद, कॅमोमाइलच्या फुलांचा सुरू. त्याने मन शांत होतं आणि उगाचची धावपळ थांबते.

"पण डॉक्टरसाहेब, त्यातला अर्धा कुणाला देऊ?"

"कुणालाच नाही. तो तुमच्या प्रकृतीचा आहे. दुसऱ्याला बाधेल."

नानू छाती फुगवून बाहेर पडला. फक्त त्याच्यासाठी असं आजवर त्याच्याकडे काहीच नव्हतं.

त्याच्यामागे रंगरावचा नंबर होता. त्याचं पोट सुटलं होतं. त्याला ग्रीन टी मिळाला आणि जोडीला हलका आहार. हलका म्हणजे काय, असं त्याने विचारलं. कमी चरबीचं, पांढरं मांस, असं सांगून कोल्ह्याने पुढच्याला आत बोलावलं.

थोड्याच दिवसांत करंजाखाली जो तो आपली किटली घेऊन, आपल्या दगडावर, दुसऱ्याकडे पाठ करून बसू लागला. ठकूचं दूध नासू लागलं.

एके सकाळी नानू कॅमोमाइलचे घोट घेत होता. समोर रंगराव ग्रीन टी पीत होता आणि त्याच्याकडेच बघत होता. ती नजर नानूने कधी पाहिली नव्हती. पळावंसं वाटलं, पण मन फार शांत झालं होतं, पाय उचलेनात. तो कसाबसा कप घेऊन रंगरावजवळ गेला.

"रंगरावदादा, एक घोट घ्या ना माझ्यातला."

"नको रे. त्याने मला सुस्ती येते."

"मग मी तुमच्यातला घेतो."

"वेडा की काय तू, नान्या? याने तुझी झोप उडेल. आधीच तुझी तब्येत तोळामासा."

त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

"झोप गेली खड्ड्यात. दादा, तळाशी उरलाय तेवढा तरी द्या."

"पथ्य म्हणजे पथ्य," रंगराव म्हणाला. त्याने कप रिकामा केला, तोंड पुसलं आणि नानूला खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दैनिकात आतल्या पानावर बातमी होती, 'नानू ससा अखेरपर्यंत निरोगी'. डॉक्टर लांबशेपटे यांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. रंगरावचं नाव कुठेच नव्हतं. कुणी काय खावं ही ज्याची त्याची खासगी बाब, असं कावळ्याचं धोरण होतं.

तात्पर्य: चहा नेहमी आपल्या प्रकृतीला मानवेल असाच निवडावा. त्याने आपण ठणठणीत राहतो आणि आपल्याला खाणाऱ्याचं पोट बिघडत नाही.