पाचव्या होलचा फवारा

"अहो, एक फवारा बिघडलाय ना? मग एक फवारा बदला. त्यात डोक्याला हात लावून बसण्यासारखं काय आहे?" सेक्रेटरींची बायको म्हणाली.

तिचं काही चुकत नव्हतं. गावाबाहेरच्या त्या लहानशा गोल्फ क्लबात पाचव्या होलजवळ गवतावर पाणी उडवणारा फवारा बंद पडला होता, एवढंच. पण हा क्लब म्हणजे जुना स्वेटर, एक धागा ओढला की अख्खी बाही हातात. निवृत्तीनंतर सेक्रेटरीपद बिनविरोध मिळालं, तेव्हा सेक्रेटरींना वाटलं होतं की लोकांचं आपल्यावर भारी प्रेम आहे. बिनविरोध का मिळालं, ते आता हळूहळू कळत होतं.

प्लंबर आला. त्याने फवारा हलवून पाहिला आणि एक उसासा सोडला. प्लंबरचा उसासा जितका लांब तितकं बिल मोठं, हे सेक्रेटरी घरच्या मोरीपासून शिकले होते.

"फवाऱ्याला काही झालं नाही हो साहेब. पाणीच येत नाहीये. पाइप गेलाय."

पाइपसाठी चांगली हिरवळ खणली. नवा पाइप टाकला. पाणी नाहीच.

"मग पंप," प्लंबर म्हणाला.

पंप उघडला. पंप ठणठणीत! तळ्यातून पाणी ओढणारी नळी मात्र चोंदलेली.

"कशाने चोंदलीय?"

"ते तळं उपसल्याशिवाय कसं सांगू?"

"तळं? अजिबात नाही!" क्लबचे अध्यक्ष चहाचा कप आपटत ओरडले. अध्यक्ष होते दंतवैद्य. आपला एकही चेंडू आजवर तळ्यात पडला नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. खेळायला पहाटे एकटेच जात, त्यामुळे साक्षीदार कोणी नव्हता. पण दाढ काढणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

"आज तळं, उद्या गवत, परवा क्लबहाउसचं छप्पर! हा खर्च म्हणजे मारुतीचं शेपूट आहे. रविवारी सभेत ठरावच मांडतो. जागा शेजारच्या फर्निचरवाल्याला पार्किंगला देऊ आणि मोकळे होऊ."

 शेवटच्या होलजवळची झाडं सेक्रेटरींनी स्वतः लावली होती, पाणी घालून वाढवली होती. आता त्यांच्या सावलीत गाड्या उभ्या राहणार! घरी येऊन त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं.

बायकोच्या हातातली इस्त्री थांबली. "म्हणजे क्लब बंद? आणि तुम्ही दिवसभर घरी?"

मागे क्लब आठवडाभर बंद होता, तेव्हा यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते. त्यातलं मीठ तिला अजून सापडायचं होतं.

"काय वाट्टेल ते करा, पण क्लब चालू राहिला पाहिजे!" ती म्हणाली. "पंपाच्या दुरुस्तीचा अधिकार तुमच्याकडे ना? मग नळी पंपाचीच. उपसा तळं!"

शनिवारी तळं उपसलं. पाणी खाली गेलं, चिखल दिसला आणि चिखलात पांढरं पांढरं काहीतरी चमकू लागलं. चेंडू! जिकडे पाहावं तिकडे चेंडू. प्लंबरने नळीच्या तोंडात अडकलेला एक पकडीने ओढून काढला. त्यावर निळ्या शाईने एक छोटासा दात काढलेला होता.

भांडणं नकोत म्हणून या क्लबात प्रत्येक जण आपल्या चेंडूवर खूण करी. शिंप्याची खूण बटण, मुख्याध्यापिकाबाईंची बरोबरची खूण. दात कोणाचा, हे सांगायची गरजच नव्हती. सेक्रेटरी चेंडू उचलत गेले. दात, दात, बटण, पुन्हा दात. तळ्याला बत्तीशी फुटली होती.

घरी नेऊन नवराबायकोने ते सगळे घासले, आणि तेही डॉक्टरांनीच फुकट वाटलेल्या ब्रशांनी.

"उद्या भर सभेत ओता त्यांच्यापुढे!" बायको म्हणाली. "चांगली जिरू दे."

सेक्रेटरींनी एक चेंडू हातात फिरवला. "नको गं. बिचारा पहाटे उठून एकटा त्या तळ्याशी झुंजतोय. दुसरा कोणी केव्हाच खेळ सोडून बसला असता."

रविवारी सभेत दुरुस्तीच्या खर्चासाठी टेबलावर चेंडूंचे ढीग लागले आणि "अरे, हा तर माझा!" करत मंडळी आपापले चेंडू हौसेने विकत घेऊ लागली. दातांची टोपली तेवढी सेक्रेटरींनी टॉवेल टाकून टेबलाखाली सरकवली होती.

अध्यक्ष ठराव मांडायला उठले आणि त्यांचा पाय नेमका टोपलीला लागला. क्लबहाउसची जमीन एका बाजूला खचलेली, तीही दुरुस्तीच्या यादीत होतीच. चेंडू गडगडत गेले ते थेट लोकांच्या पायाशी. सगळ्यांनी वाकून पाहिलं.  डॉक्टरांचे कान लालबुंद झाले.

"अध्यक्षांची... अध्यक्षांची देणगी आहे ती!" सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच खो खो हसत सुटले. "देणगी कसली? गुंतवणूक म्हणा! या क्लबात माझ्याइतकं कोणी गुंतवलंय का? विका सगळे. आणि तो ठराव फाडा!"

चेंडूंच्या पैशांतून नळी आणि पाइपचा खर्च निघाला, हिरवळीसाठी सभासदांनी हसत हसत वर्गणी दिली. फवारा उडाला, तळं भरलं. पहिल्या फटक्याचा मान अध्यक्षांचा आणि तोही प्रथमच सगळ्यांसमोर. डॉक्टरांनी नेम धरला, काठी फिरवली.

डुबुक!

 सेक्रेटरींनी टोपी काढली. "चला, पुढच्या वर्षीच्या देखभालीची सोय झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी खिशातून दुसरा चेंडू काढला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "छपराचंही बघतो."